‘देवाची इच्छा’ हे म्हणायचं कुणी?

नमस्कार मंडळी,

विषय जरा नाजूक आहे, पण लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. आपल्यातले सगळेच काही ख्रिस्ती नाहीत. तरी ‘देवाची इच्छा’ हे दोन शब्द कुणालाच परके नसावेत. सत्संगात, मयताच्या घरी, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, सगळीकडे ते ऐकू येतात. मी लिहिणार आहे ते मात्र ख्रिस्ती प्रार्थनेबद्दल, कारण मी वाढलो त्या घरात. नगरची मराठी मंडळी, रविवारची उपासना, आणि संध्याकाळी आजीच्या पुढ्यात बसून केलेली प्रार्थना. (आमच्यात चर्चलाही ‘मंडळी’च म्हणतात, त्यामुळे ‘नमस्कार मंडळी’ लिहिताना मला नेहमी थोडं हसू येतं.)

माझा मुद्दा सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांनी इथेच थांबायला हरकत नाही. ‘देवाची इच्छा असेल तसं होवो’ हे वाक्य खरं आहे, मोठं आहे. पण ज्याच्यावर वेळ आली आहे त्याने, स्वतःच्या तोंडाने, देवाशी बोलताना ते म्हणायचं असतं. दुसऱ्याने ते त्याच्या दुःखावर झाकणासारखं ठेवायचं नसतं. ती प्रार्थना आहे, स्पष्टीकरण नव्हे. आणि आपण इकडे परदेशात तिचा वापर दिवसेंदिवस स्पष्टीकरणासारखा करू लागलो आहोत, असं माझं मत झालं आहे.

इकडच्या प्रार्थनासभा ज्यांना माहीत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. शुक्रवारी किंवा शनिवारी संध्याकाळी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये दहा-बारा कुटुंबं जमतात. पेटी असते, कधी तबला. दोन-तीन गीतं, एक उतारा, थोडं मनन, मग ‘प्रार्थनेचे विषय’. प्रत्येकाने आपापली अडचण सांगायची, सगळ्यांनी मिळून प्रार्थना करायची, आणि मग वरच्या मजल्यावर पोटलक. परक्या देशात मराठीतून देवाशी बोलायला मिळतं हेच केवढं! मला या सभांबद्दल आदर आहे. म्हणूनच लिहितोय.

2023 साली जेव्हा आयटीमध्ये लेऑफ धडाधड चालू होते, तेव्हा आमच्याकडे येणाऱ्या एकाची नोकरी गेली. एच-वन-बी व्हिसा, दोन मुलं शाळेत, बायकोला काम करायची परवानगी नाही. ज्यांना हा प्रकार माहीत आहे त्यांना 60 दिवस म्हणजे काय हे सांगायला नको. नोकरी सुटल्यापासून जास्तीत जास्त 60 दिवस; तेवढ्यात नवी कंपनी अर्ज करायला तयार झाली तर ठीक, नाहीतर दुसरी काही सोय करा, नाहीतर सामान बांधा. त्याने प्रार्थनेचा विषय सांगितला: ‘नोकरी मिळावी.’ दोनच शब्द. लगेच एका ज्येष्ठांनी खांद्यावर हात ठेवून म्हटलं, ‘भाऊ, काळजी करू नका. देवाची काहीतरी मोठी योजना असेल. त्याच्या इच्छेवर सोडा.’ सगळे ‘आमेन’ म्हणाले. मग आम्ही वर जाऊन बिर्याणी खाल्ली. त्या अख्ख्या संध्याकाळी त्याला कुणी विचारलं नाही की बाबा रे, तू नेमकं काम काय करतोस, तुझा रेझ्युमे कुठे पाठवू?

दुसरं उदाहरण त्याच्या दोन वर्षं आधीचं. मे 2021. भारतात दुसरी लाट, आणि 4 मेपासून अमेरिकेने भारतातून येणाऱ्यांवर निर्बंध घातलेले. व्हिसावर असलेला माणूस तिकडे गेला तर परत येता येईल याची खात्री नाही. आमच्या ओळखीच्या एका ताईंचे वडील सोलापूरकडे वारले. अंत्यविधी त्यांनी फोनवर पाहिला, तोही मध्येमध्ये अडकत. त्या आठवड्यात त्यांना आलेल्या जवळजवळ प्रत्येक फोनमध्ये एक वाक्य होतं: ‘देवाची इच्छा, ताई. त्याने बोलावून घेतलं.’ पुढे कधीतरी त्या म्हणाल्या, ‘मला देवाबद्दल काही ऐकायचंच नव्हतं हो. कुणीतरी बाबांबद्दल विचारायला हवं होतं.’

या दोन्ही ठिकाणी बोलणारी माणसं वाईट नव्हती. मनापासून बोलत होती. मग चुकतं कुठे?

माझ्या मते पहिली गोष्ट अशी की आपल्या मराठी मनात ‘देवाची इच्छा’ आणि ‘नशीब’ यांच्यात फारसा फरक राहिलेला नाही. नशिबात होतं, प्रारब्ध होतं, भोग होते, ही आपली जुनी वाक्यं. आपण बाप्तिस्मा घेतला, आडनाव तेच राहिलं, आणि ही वाक्यंही तशीच राहिली. फक्त त्यांना रविवारचे कपडे चढवले. जे झालं ते झालं, कारण ते व्हायचंच होतं, इतकाच त्याचा अर्थ. पण हे शुभवर्तमानाचं म्हणणं आहे का? योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात जन्मापासून आंधळा असलेला एक माणूस आहे. शिष्य विचारतात, पाप कुणाचं, याचं की याच्या आईबापांचं? किती ओळखीचा प्रश्न आहे बघा! अगदी आपल्या गावच्या पारावरचा. येशू म्हणतो, याचंही नाही आणि त्याच्या आईबापांचंही नाही. देवाचं काम याच्यामध्ये दिसायचं आहे आणि ते दिवस आहे तोवर आपल्याला करायचं आहे, असं सांगून तो मातीचा चिखल कालवतो आणि त्या माणसाच्या डोळ्यांना लावतो. शिष्य मागे कारण शोधत होते. तो पुढचं काम बघतो.

आणखी एक विचार करून बघा. येशूने शिष्यांना जी प्रार्थना शिकवली, जी आपण लहानपणापासून पाठ म्हणतो, तिच्यात देवाची इच्छा जशी स्वर्गात तशी पृथ्वीवरही पुरी व्हावी असं मागणं आहे. मागणं! जर पृथ्वीवर घडतं ते सगळं आपोआप देवाच्या इच्छेप्रमाणेच घडत असतं, तर हे रोज मागायची गरज काय होती? मागायचं ते जे अजून पुरतं झालेलं नाही. म्हणजे या प्रार्थनेतच कबुली आहे की जगात पुष्कळ काही असं घडतं जे देवाला नको आहे. 2021 मध्ये माणसं ऑक्सिजनवाचून तडफडली. त्यालाही देवाची इच्छा म्हणायचं? ऑक्सिजन वेळेवर पोचला नाही त्याचा हिशेब माणसांनी द्यायचा आहे. तो देवाच्या नावावर लिहिला की माणसं सुटतात, आणि देवावर मात्र आळ येतो. देव वाईटातूनही चांगलं काढू शकतो यावर माझा विश्वास आहे. पण वाईटातून चांगलं काढणं वेगळं आणि वाईट हवं असणं वेगळं. हे दोन एकत्र केले की आपण आपल्याच बापाची बदनामी करतो.

आता ज्या प्रसंगामुळे हे शब्द आपल्याला इतके पवित्र वाटतात, तिकडे वळू. गेथशेमाने बाग, वधस्तंभाच्या आदली रात्र. तिथे काय क्रमाने घडतं ते नीट बघण्यासारखं आहे.

सर्वात आधी येशू आपल्या तीन मित्रांना सांगतो की मी फार दुःखात आहे. लपवत नाही. ‘मी ठीक आहे, देवाची कृपा’ असं म्हणत नाही. मग जमिनीवर पालथा पडून बापाकडे अगदी सरळ मागतो की हे माझ्यावरचं टळू दे. आडवळण नाही. आणि हे मागून झाल्यावर, त्याच श्वासात, तो म्हणतो की तरी माझ्या मनासारखं नको, तुझ्या मनासारखं होवो. आधी मागणं, मग सोडणं. आपण बऱ्याचदा मागण्याआधीच सोडून देतो आणि त्याला विश्वास म्हणतो. खरं म्हणजे ती भीती असते. मागितलं आणि मिळालं नाही तर काय, या भीतीने आपण मागतच नाही.

दुसरी गोष्ट, मत्तय आणि मार्क सांगतात की तो तीनदा जाऊन हीच प्रार्थना करतो. पौलानेही आपल्या शरीरातल्या त्या काट्याबद्दल तीन वेळा विनवणी केली, असं तो करिंथकरांना दुसऱ्या पत्रात लिहितो. तेव्हा ‘एकदा देवावर सोडलं ना, मग पुन्हा पुन्हा काय मागता, विश्वास नाही का?’ असं जे म्हणतात, त्यांनी हे दोन उतारे काढून बघावेत.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. ‘तुझ्या इच्छेप्रमाणे’ हे त्या रात्री दुसरं कुणी येशूला म्हणालं नाही. पेत्र म्हणाला नाही, योहान म्हणाला नाही. त्यांच्याकडून येशूने एकच मागितलं होतं, माझ्यासोबत जागे राहा. समजूत मागितली नव्हती, योजना विचारली नव्हती. आणि तेवढंच त्यांना जमलं नाही. दुःखात असलेल्या माणसाच्या मित्रांचं काम काय, ते तिथे स्पष्ट सांगितलेलं आहे. जागं राहणं.

आणि ज्यांना वाटतं की विश्वास पुरेसा असला की मागणं पुरं होतंच, त्यांच्यासाठी चौथी गोष्ट: तो प्याला टळला नाही. खुद्द पुत्राचं मागणं त्याला हवं होतं तसं पुरं झालं नाही. मग कुणाचा व्हिसा आला नाही, कुणाचं मूल राहिलं नाही, कुणाची केमो लागू पडली नाही, तर ‘विश्वास कमी पडला’ असं म्हणायची हिंमत आपण कुठून आणतो?

ईयोबाचं पुस्तक आपल्याकडे फार कमी वाचलं जातं. पहिले दोन अध्याय आणि शेवटचा, मधले गाळून. पण त्याचे ते तीन मित्र मला नेहमी आपल्या प्रार्थनासभेतलेच वाटतात. सुरुवातीला ते उत्तम वागतात. लांबून येतात, रडतात, आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसतात. बिघडतं ते तोंड उघडल्यावर. पुढे अध्यायामागून अध्याय ते देवाची बाजू मांडतात, आणि त्यांची बरीचशी वाक्यं सुटी काढून भिंतीवर लावावीत इतकी छान आहेत. ईयोब मात्र भांडतो, ओरडतो, देवाला जाब विचारतो. आणि 42 व्या अध्यायात देव काय म्हणतो? की माझ्याविषयी नीट बोलला तो ईयोब, तुम्ही नाही. देवाची वकिली करणाऱ्यांवर देव रागावतो, हे त्या पुस्तकातलं सगळ्यात धक्कादायक ठिकाण आहे.

काहीजण म्हणतील, मग काय देवाकडे तक्रारी करायच्या? हा तर अविश्वास झाला. मला उलट वाटतं. ज्याच्यापर्यंत पोचेल असा भरवसा असतो त्याच्याकडेच माणूस तक्रार नेतो. माहेरी आलेली लेक आईवरच रुसते, शेजारणीवर नाही. स्तोत्रसंहितेतल्या 150 स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. 88 वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी दिलाशाची एक ओळसुद्धा नाही. तरी ते पवित्र शास्त्रात आहे. आणि आपल्या सभांत? साक्ष द्यायला उभा राहतो तो ज्याचं काम झालं. ग्रीन कार्ड आलं, घर झालं, मुलाला ॲडमिशन मिळाली. टाळ्या, हालेलूया. ज्याचं काही झालं नाही त्याने उभं राहावं अशी जागाच कार्यक्रमात ठेवलेली नसते. 88 वं स्तोत्र लिहिणारा आमच्या बेसमेंटमध्ये आला असता तर त्याला कुणी बोलायला वेळ दिला असता की नाही, मला शंका आहे.

हे भांडण काही आपल्या मातीला नवीन नाही. तुकोबांनी दुष्काळात घरातली माणसं गमावली आणि पुढे विठ्ठलाशी किती कडक शब्दांत भांडले ते आपल्याला ठाऊकच आहे. त्या भांडणाला कुणी अभक्ती म्हणत नाही. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि आपण तुकारामाच्या वाटेनेच ख्रिस्तापर्यंत आलो असं ते सांगत. मग त्यांच्यामागून त्याच वाटेने आलेल्या आपण मराठी ख्रिस्ती लोकांना देवाशी मोकळेपणी बोलायची एवढी धास्ती का?

इंग्रजीतला सी. एस. लुईस पुष्कळांच्या कपाटात असतो. त्याने 1940 मध्ये दुःखाच्या प्रश्नावर एक मुद्देसूद पुस्तक लिहिलं. पुढे 1960 मध्ये त्याची पत्नी जॉय कॅन्सरने गेली. त्यानंतर त्याने जे लिहिलं ते 1961 मध्ये टोपणनावाने छापलं. त्यात मुद्दे कमी आणि आकांत जास्त. देवाचं दार बंद झाल्यासारखं का वाटतंय, असं तो सरळ विचारतो. माणूस तोच, श्रद्धाही तीच. पण दुसऱ्याच्या दुःखाबद्दल लिहिणं आणि स्वतःच्या दुःखातून लिहिणं यात अंतर असतं. सांत्वन करायला जाताना आपण बहुधा पहिलं पुस्तक घेऊन जातो, आणि समोरचा त्या वेळी दुसऱ्या पुस्तकात असतो.

आता आपल्या परदेशी राहणाऱ्यांच्या खास आवडत्या वचनाकडे येतो. यिर्मया 29 वा अध्याय, 11 वं वचन. देवाच्या मनात तुमच्या भल्याच्या योजना आहेत, अशा अर्थाचं. कॅलेंडरवर, मगवर, फ्रिजच्या मॅग्नेटवर, सगळीकडे. पण हे वचन आहे कुठे? एका पत्रात. आणि ते पत्र लिहिलंय परदेशात अडकलेल्या लोकांना! इ.स.पू. 597 मध्ये नबुखद्नेस्सर राजाने यरुशलेमहून बाबेलला धरून नेलेल्या माणसांना. त्यांना घरी परतायचं होतं. हनन्या नावाचा संदेष्टा गोड बातमी देत होता की दोन वर्षांत सगळं ठीक होईल. यिर्मया लिहितो, दोन नव्हे, सत्तर. आपल्या लाडक्या वचनाच्या बरोबर आधीच्या, म्हणजे 10 व्या वचनात हे सत्तर वर्षांचं आहे. ते मगवर छापत नाहीत. सत्तर वर्षं म्हणजे पत्र वाचणाऱ्यांपैकी बहुतेकजण तिथेच मरणार. मग यिर्मया त्यांना करायला काय सांगतो? घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या शहरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा.

मला हे पत्र आपल्यालाच आलंय असं वाटतं. ग्रीन कार्डच्या रांगेत दर देशाला 7 टक्क्यांची मर्यादा आहे आणि भारतात जन्मलेल्यांची वाट बघणं दशकांत मोजलं जातं. मूल 21 वर्षांचं झालं की आईबापांच्या अर्जातून बाहेर पडू शकतं. अशा घरात जाऊन ‘देवाची योजना आहे, लवकरच होईल’ असं सांगणारा हनन्या असतो, यिर्मया नाही. देवाच्या इच्छेवर भरवसा म्हणजे तारीख माहीत असणं नव्हे. तारीख माहीत नसताना झाड लावणं. मागणंही चालू ठेवायचं आणि जगणंही थांबवायचं नाही.

आणि हा भरवसा प्रत्यक्षात कसा दिसतो ते बघायला आपल्याला दूर जायला नको. पुणे-सोलापूर रेल्वेवर केडगाव आहे. पंडिता रमाबाईंच्या आयुष्याकडे बघा. 1858 चा जन्म. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात उपासमारीने आई, वडील, बहीण काही महिन्यांत गेली. 1880 मध्ये भाऊ गेला. लग्न झालं, आणि 1882 मध्ये नवराही गेला. तेव्हा त्यांना चोविसावं चालू होतं आणि पदरात तान्ही मनोरमा. बाप्तिस्मा त्यानंतरचा, 1883 चा, इंग्लंडमधला. इतकं सोसलेल्या बाईने ‘देवाची इच्छा’ म्हणून हात जोडून बसायला कुणी दोष दिला असता का? पण 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा त्या काय करतात? स्वतः तिकडे जातात आणि शेकडो उपाशी मुली-बायकांना घेऊन येतात. त्यातून केडगावचं मुक्ती सदन उभं राहतं. या बाईने लहान वयात भूक अंगावर काढलेली होती. भुकेचं कारण सांगत बसण्यापेक्षा भाकरी देणं हीच देवाची इच्छा, असं त्यांनी करून दाखवलं. पुढे 1921 मध्ये मनोरमाही गेली. जिच्या हाती काम सोपवायचं तीच गेली. त्यानंतर वर्षाच्या आतच, एप्रिल 1922 मध्ये रमाबाई गेल्या. प्रार्थना त्यांनी शेवटपर्यंत सोडली नाही, आणि काम तर नाहीच नाही. देवाच्या इच्छेवर भरवसा ठेवणं आणि पदर खोचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं या बाईला कधी वाटलेलं दिसत नाही.

मग आपण काय करावं? टीका करणं सोपं, म्हणून मला सुचतं ते लिहितो. पटेल ते घ्या.

एक, कुणी प्रार्थनेचा विषय सांगितला की तोच विषय प्रार्थनेत आणा. त्याने नोकरी मागितली तर नोकरीच मागा. ‘प्रभू, तुझी इच्छा त्याला समजू दे’ अशी पळवाट काढू नका. समर्पणाचं वाक्य म्हणायचं की नाही, कधी म्हणायचं, ते त्याचं त्याला ठरवू द्या. त्याला सहा महिने लागले तर सहा महिने.

दोन, कारण सांगू नका. देवाने का केलं, का होऊ दिलं, हे आपल्याला माहीत नसतं. लाजराच्या कबरेपाशी येशूला पुढे काय करायचं ते माहीत होतं, तरी तो आधी रडला. आपल्याला तर पुढचं काहीच माहीत नसतं. मग आपण रडण्यातून सुटका कशी करून घ्यायची?

तीन, आमेननंतरचा अर्धा तास कामाचा ठेवा. याकोबाने आपल्या पत्रात फार झणझणीत लिहिलंय: उघड्या-उपाशी माणसाला ‘सुखाने जा, ऊब घे, पोटभर खा’ म्हणायचं आणि द्यायचं काहीच नाही, तर काय उपयोग? आजच्या भाषेत म्हणजे रेझ्युमे पुढे पाठवा, इमिग्रेशन वकिलाची एका तासाची फी भरा, मुलांना शनिवारी आपल्याकडे ठेवून घ्या, डबा नेऊन द्या. आणि सगळ्यात सोपं, तीन महिन्यांनी पुन्हा फोन करा. पहिल्या आठवड्यात फोन सगळेच करतात.

चार, साक्ष द्यायला कधीतरी अशा माणसाला उभं करा ज्याचं अजून काही झालेलं नाही. त्याला म्हणावं, तू अजून प्रार्थना कशी करतोस ते सांग. मला वाटतं, त्यातून आमच्यासारख्यांना जास्त शिकायला मिळेल.

सुरुवातीला ज्यांच्याबद्दल लिहिलं त्या भाऊंचं पुढे काय झालं असं कुणी विचारेल. 60 दिवसांत काही जमलं नाही. ते कुटुंब पुण्याला परत गेलं. जाण्याआधीच ते सभेला येईनासे झाले होते. देवावरचा विश्वास उडाला म्हणून नव्हे. घरी रोज रात्री नवराबायको प्रार्थना करत, हे मला नंतर कळलं. आमच्यासमोर आपलं दुःख पुन्हा सांगायची त्यांना इच्छा उरली नव्हती, इतकंच. देवाजवळ त्यांना जागा होती, आमच्या सभेत उरली नाही. प्रार्थना करणाऱ्या लोकांना याहून जास्त विचार करायला लावणारं काय असू शकतं?

येशूचे ते शब्द मीही म्हणतो. त्यांच्याशिवाय माझी प्रार्थना पुरी होत नाही. पण ते फार जड शब्द आहेत. ज्याने ते पहिल्यांदा त्या बागेत उच्चारले, त्याला त्यासाठी रात्र काढावी लागली. तेव्हा दुसऱ्याला ते इतक्या सहज हातात देऊ नये. त्याला त्याची रात्र काढू द्यावी, आणि आपण जागं राहावं.

मतभेद असतील तर मोकळेपणी लिहा. विशेषतः पाळक मंडळींनी.

सलाम,
न्यू जर्सीहून एक नगरकर

ता.क. आमचं अहमदनगर 2024 पासून कागदोपत्री अहिल्यानगर झालंय हे माहीत आहे. पण सहीत ‘नगरकर’ लिहायची सवय जात नाही, तेवढं चालवून घ्या.